केसपेपर तुमच्या नावाचा

(या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन इथे घेतली आहेत. गावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार.

मी बार्शी तालुक्यातली. वय 56. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, आता पेन्शनवर आहेत. मुलगा 27 वर्षांचा. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आजार सुरू झाला. आधी खोलीतून बाहेर पडेना. मग म्हणायला लागला, मेसच्या जेवणात काहीतरी कालवतात. घरी आणलं. वर्षभर देवरुषी, उतारे, अमावस्या-पौर्णिमा सगळं केलं. माझी बोरमाळ त्यातच गेली. शेवटी सोलापूरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी स्किझोफ्रेनिया (भास आणि संशय यांचा मानसिक आजार) सांगितला. गोळ्यांनी फरक आहे. आरडाओरडा, अंगावर धावून येणं थांबलं. पण अजूनही पाण्याचा पहिला घोट मला प्यायला लावतो, मगच स्वतः पितो. जेवणाचंही तसंच, पहिला घास माझा. गोळी कधी घेतो, कधी गालात धरून थुंकतो. मग मी वरणात कुस्करून देते.

हे सगळं मी करते, त्याचं काही नाही. लेकरू आहे माझं. पण मागच्या दिवाळीपासून मलाच काहीतरी झालंय. रात्री तीनला जाग येते, मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही. भाजीत मीठ घातलं का ते आठवत नाही. तोंडाला चव नाही, ब्लाउज ढिले झालेत. भजनी मंडळ सोडलं, कारण तिथे बायका विचारतात, ‘मुलाचं लग्न कधी?’ सगळ्यांना सांगितलंय की तो कंपनीत आहे, घरून काम करतो. ते खोटं सांभाळायचं म्हणून आता कोणाला घरी बोलावत नाही. हे संध्याकाळी मारुतीच्या पारावर जाऊन बसतात ते जेवायलाच येतात. घरात बोलणं म्हणून नाही.

मुलीला लातूरचं स्थळ आलं होतं. पसंती झाली, सुपारी फोडायची तारीख ठरली आणि आमच्याच भावकीतल्या कोणीतरी त्यांना फोन केला. स्थळ मोडलं. सासूबाई म्हणतात, ‘हे तुझ्या माहेरचं आलंय.’ माझे एक मामा भ्रमिष्ट होते, त्यावरून.

लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. कधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं. आणि कधी वाटतं, माझ्या डोळ्यांदेखत हा गेला तर बरं, नाहीतर माझ्यामागे याचं कोण करणार? असं वाटणारी आई असते का? नणंदेची मुलगी नर्स आहे. ती म्हणाली, ‘मामी, तूही डॉक्टरांना दाखव.’ पण मी गोळ्या सुरू केल्या तर सासूबाईंचंच खरं ठरेल. लोक म्हणतील, आईच तशी म्हणून पोरगं तसं. मग मुलीचं लग्न कुठे जमणार? काय करू?

— एक आई

उत्तर : ताई, आधी त्या सकाळीबद्दल बोलू, बाकीचं नंतर.

सरकारी मनोरुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली. ‘सकाळ झालीच नाही तर बरं’ हे वाक्य तिथे रुग्णांइतकंच त्यांच्या आयांच्या तोंडून ऐकलं. मुलाची फाइल मांडीवर धरून, खाली बघत सांगायच्या. म्हणून तुम्हाला सरळ विचारते : हे नुसतं वाटतं, की काय करायचं, कधी करायचं हेही मनात येऊन जातं? येत असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि 14416 हा नंबर लावा. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुम्हाला जाग येते त्या तीन वाजताही फोन उचलणारं माणूस तिथे असतं. आणि आजच्या आज नणंदेच्या मुलीला तुमचं हे वाक्य जसंच्या तसं सांगा. तिने स्वतःहून विचारलंय, म्हणजे ऐकायची तिची तयारी आहे. घरातल्या सगळ्या गोळ्या एका डब्यात, कुलपात ठेवा आणि किल्ली काही दिवस मुलीकडे द्या. असं करण्यात तुमच्यावर अविश्वास नाही. औषधांचा साठा असलेल्या प्रत्येक घराला मी हेच सांगते.

आता तुमचा प्रश्न. असं वाटणारी आई असते का? असते. खूप असतात. मुलाचं मरण मनात येतं ते प्रेम आटलं म्हणून येत नाही. ‘माझ्यामागे कोण?’ या प्रश्नाला वर्षानुवर्षं कोणीच उत्तर देत नाही, म्हणून येतं. त्या प्रश्नाला उत्तर आहे, अर्धंमुर्धं का होईना. ते पुढे सांगते. पण आधी तुमच्या प्रकृतीचं बघायला हवं, कारण खचलेल्या माणसाला कोणतंच उत्तर पटत नाही.

पहाटे लवकर जाग येणं, भूक मरणं, वजन उतरणं, विसरायला होणं, आवडीच्या गोष्टीतून मन उडणं, जगणं नको वाटणं. ही लक्षणं सलग दोन आठवडे टिकली तरी डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. तुमची दिवाळीपासून आहेत. नुसता थकवा असता तर चार दिवस माहेरी जाऊन उतरला असता. हा तुमचा स्वतःचा आजार आहे आणि त्याला स्वतःचे उपचार लागतात. म्हणून माझी पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची सूचना : तुमच्या नावाचा वेगळा केसपेपर काढा. मुलाच्या फाइलच्या मागच्या पानावर डॉक्टरांनी तुमच्यासाठी झोपेची गोळी लिहून देणं, हे चालणार नाही. मुलाचा नंबर लागला की शेवटी दारात उभं राहून ‘डॉक्टर, मलाही जरा झोप नाही’ म्हणणंही पुरणार नाही. वेगळा पेपर, तुमचं नाव, तुमचं वय, तुमची तक्रार. मुलाला घरी ठेवून, भाचीला सोबत घेऊन वेगळ्या दिवशी जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-12 तपासून घ्या, कारण त्यांच्या बिघाडानेही माणूस असाच गळून जातो. नैराश्याच्या गोळ्या लिहून दिल्या तर त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली म्हणून सोडू नका. त्यांची चटक लागत नाही, पण बरं वाटलं की मनानेच बंदही करायच्या नसतात. डॉक्टर पुढे काही महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात.

सासूबाईंच्या बोलण्याचं तुम्हाला लागलंय. लागणारच. एके काळी डॉक्टरच असं म्हणत होते. अमेरिकेत 1948 मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मांडलं की काही आयांच्या वागण्यामुळे मुलांना स्किझोफ्रेनिया होतो. पुढची कितीतरी वर्षं आयांना आरोपीसारखं बसवून प्रश्न विचारले गेले. तो विचार नंतर टाकून दिला गेला, पण तोवर किती घरं त्याखाली दबली असतील याचा विचार केला की मला आजही संताप येतो. आज आपल्याला माहीत आहे ते असं. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण तो एका कोणा मामाकडून सरळ उतरत नाही. पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा परिणाम असतो, त्यात इतर कारणं मिसळतात. साधारण शंभरात एकाला हा आजार होतो. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला असेल तर शंभरात नऊ-दहांना. म्हणजे तुमच्या मुलीसारख्या शंभर बहिणींमधल्या नव्वद जणींना तो होत नाही. आणि तुमचं नैराश्य? सहा-सात वर्षं राखण करणाऱ्या, अपमान गिळणाऱ्या, कोणाशी बोलायची सोय नसलेल्या बाईला नैराश्य येणं यातून तिच्या माहेराबद्दल काहीही सिद्ध होत नाही. मधुमेही मुलाच्या आईला पाठदुखी झाली तर कोणी म्हणतं का, बघा, तिच्यामुळेच त्याला साखर?

वरणातल्या गोळीबद्दल थोडं थांबून लिहिते. कितीतरी आया हे करतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. तुमच्या बाबतीत यात दोन अडचणी आहेत. त्याची भीतीच ही आहे की जेवणात काहीतरी कालवलं जातं. ज्या दिवशी त्याला वरणात गोळीचा कण दिसेल, त्या दिवशी त्याची भीती खरी ठरेल आणि ज्या एका माणसाच्या हातचं तो खातो तेही तुटेल. दुसरं, त्याच्या ताटातला पहिला घास तुम्ही खाता. म्हणजे त्याच्या औषधाचा काही भाग तुमच्याही पोटात जातोय. तुम्ही डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे आवर्जून सांगा. काही गोळ्या कुस्करायच्याही नसतात. डॉक्टरांना विचारा, पंधरा दिवसांनी किंवा महिन्यातून एकदा द्यायचं इंजेक्शन याला चालेल का? अशी इंजेक्शनं कित्येक वर्षं वापरात आहेत. रोजची गोळीची झटापट संपली की आई आणि मुलामध्ये दुसरं काही बोलायला जागा होते. अर्थात मुलाला समजावून, त्याच्या संमतीनेच.

‘मुलाला सोडून कुठे जाऊ?’ असं तुम्ही म्हणाल. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. ज्या घरात सतत टोचून बोलणं, चिडचिड किंवा अतिकाळजी होती तिथे आजार जास्त वेळा उलटला. 1970च्या दशकातल्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली : अशा घरांतही रुग्ण आणि घरच्यांचा समोरासमोरचा सहवास आठवड्याला 35 तासांपेक्षा कमी असेल, तर आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं. तुम्ही जागेपणीचे सोळा तास त्याच्या आसपास असता. आठवड्याचे 112 होतात. तुम्हाला दोष द्यायला हा हिशोब मांडत नाही. तुम्ही रोज दोन तास घराबाहेर गेलात तर त्याचं नुकसान होणार नाही, झाला तर फायदाच होईल, हे तुमच्या मनाला पटावं म्हणून सांगते. भजनी मंडळ पुन्हा सुरू करा. ते दोन तास घरी कोण? गुरुजी.

गुरुजींबद्दल तुम्ही दोनच वाक्यं लिहिलीत, पण मला ते पारावर बसलेले दिसतात. गावातल्या दोन पिढ्यांना ज्यांनी अक्षर शिकवलं, त्यांच्या हुशार मुलाचं शिक्षण अर्धवट राहिलं. बापाची लाज वेगळी असते, ती घराबाहेर बसून काढली जाते. त्यांच्याशी ‘तुमचं घरात लक्ष नाही’ असं सुरू केलंत तर ते पारावरून आणखी उशिरा येतील. ठरावीक काम द्या. महिन्याची औषधं आणणं, डॉक्टरांची तारीख सांभाळणं, त्याला रोज सकाळी शेताकडे चालायला नेणं. शिक्षक माणूस आहेत, वेळापत्रक दिलं की पाळतील. आणि एकदा त्यांनाही विचारा, तुम्हाला झोप लागते का?

आपल्याकडे घरच्यांना उपचारात धरणारा एक मोठा माणूस होऊन गेला. डॉ. विद्यासागर. 1950च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात माणसं दाटीवाटीने कोंबलेली होती. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर नातेवाइकांना राहायला बोलावलं. आजार काय असतो, रुग्णाशी कसं वागायचं, ते डॉक्टर त्यांना तिथेच शिकवत. माणूस बरा होऊन घरी जाई तेव्हा सोबतचं घरही शिकून जाई. पुढे वेल्लोर आणि बंगळुरूमध्येही कुटुंबाला सोबत ठेवून उपचार झाले. आज आपल्या ओपीडीत गर्दी इतकी की डॉक्टर विचारतात, ‘गोळ्या घेतो का? झोपतो का? त्रास देतो का?’ आणि पुढचा नंबर. फॉर्मवर नातेवाइकाची सही घेतात, पण ‘तुम्ही कशा आहात?’ हे विचारायची जागा त्या फॉर्मवर नाही. मी नोकरीत असताना ती जागा व्हावी म्हणून भांडत राहिले. तुम्ही तुमच्यापुरती ती जागा स्वतः करा, म्हणून तर केसपेपरचा एवढा आग्रह धरतेय.

मुलीच्या लग्नाचं. स्थळ मोडलं त्याचं दुःख आहेच, पण ते तिसऱ्याच्या फोनने मोडलं ही जास्त जखम आहे. जी गोष्ट आपण सांगत नाही ती सांगायचा हक्क भावकीला मिळतो. माझं मत असं : पत्रिकेबरोबर हे सांगायची गरज नाही, पण सुपारीची गोष्ट निघायच्या आत सांगावं. आणि मुलीने स्वतः मुलाला सांगावं. ‘माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषध चालू आहे. तो आमच्या घरी राहतो. तुला काही विचारायचं असेल तर विचार, डॉक्टरांना भेटायचं असेल तर भेटू.’ एवढंच, रडत नाही, माफी मागत नाही. यावर जे घर मागे सरेल ते उद्या तिला माहेरी येऊ देतानाही कुरकुर करणारच होतं. काही स्थळं जातील, हे मी लपवत नाही. पण उरेल त्या घरात तिला फोन आला की धडकी भरणार नाही.

भजनातल्या बायकांना सगळं सांगायची गरज नाही. एकीला सांगा. ज्या बाईने कधी दुसऱ्याच्या घरचं तुमच्याजवळ बोललं नाही, अशी एक निवडा. बाकीच्यांना, ‘त्याची तब्येत बरी नसते, औषध चालू आहे’ एवढं पुरे. ते खरंही आहे आणि सांभाळावंही लागत नाही. देवरुषाकडे परत जायचा आग्रह कोणी केला तर महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे हे सांगा. तुमच्या माळेबद्दल मी काही बोलणार नाही. घाबरलेलं घर मिळेल त्या दारात जातं.

आता ‘माझ्यामागे कोण?’ याचं अर्धं उत्तर. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार हा 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांपैकी एक आहे. सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन 40 टक्के किंवा अधिक प्रमाण निघालं तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मिळतं. हे कार्ड घेताना आयांचा हात थरथरतो, कारण कागदावर आलं की खरं झालं असं वाटतं. तरी घ्या. गुरुजी पेन्शनर आहेत, त्यामुळे आणखी एक गोष्ट त्यांनी स्वतः पंचायत समितीत जाऊन विचारावी. मानसिक आजारामुळे स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलाला आईवडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहण्याची तरतूद पेन्शनच्या नियमांत आहे. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. हे काम गुरुजी हयात असतानाच नोंदवून ठेवलेलं बरं, नंतर मुलीला टेबलाटेबलावर फिरावं लागतं. आणि तो 27 वर्षांचा आहे. औषध नियमित झालं तर अर्धा दिवस दुकानात बसणं, रोपवाटिकेत काम करणं हे अशक्य नाही. ते स्वप्न आत्ताच गुंडाळून ठेवू नका.

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे ‘सा’, ही संस्था आहे. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. घरात सोसलेल्यातून त्यांनी ही संस्था उभी केली. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, आणि शुभंकर एकमेकांशी बोलतात. बार्शीहून एकदा जाऊन या, गुरुजींना घेऊन. जिथे ‘पहिला घास मला खावा लागतो’ म्हटल्यावर कोणी दचकत नाही, अशा खोलीत तुम्ही बऱ्याच वर्षांत बसलेल्या नाहीत.

प्रश्न : आमच्या शेजारच्या घरात मानसिक आजार असलेली सून आहे. तिची सासूच तिचं सगळं करते. पूर्वी हसतमुख होत्या, आता दार लावून घेतात. विचारलं तर भोचकपणा वाटेल, नाही विचारलं तर माणुसकी नाही. काय करावं?

— शेजारीण, सातारा

उत्तर : ‘कशी आहे सून?’ असं न विचारता ‘तुम्ही जेवलात का?’ असं विचारा. या घरांत येणारा प्रत्येक माणूस आजारी माणसाची चौकशी करतो, सांभाळणारीची कोणी करत नाही. मदत नेमकी सांगा. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं की कोणी सांगत नाही. ‘गुरुवारी मी बाजारात जातेय, तुमची भाजी आणते’ किंवा ‘मंगळवारी चार ते पाच मी तुमच्याकडे विणायला घेऊन बसते, तुम्ही बँकेचं काम करून या’ असं म्हणा. पहिल्यांदा नाही म्हणतील. पंधरा दिवसांनी परत विचारा. तिथे ऐकलेलं तुमच्या घरातही बोलू नका. आणि ओळखीचा बाबा, महाराज, काढा यातलं काहीही सुचवू नका. त्यांनी ते सगळं ऐकलेलं असतं.

प्रश्न : मी 34 वर्षांचा, नाशिकला कंपनीत नोकरी. आईवडील नाहीत. थोरली ताई आमच्याकडे राहते, तिला बायपोलर (मन कधी अति उत्तेजित, कधी अति उदास होण्याचा आजार) आहे. त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू होत्या, त्या तिने मार्चमध्ये बंद केल्या. रात्र रात्र जागी, सोसायटीत सगळ्यांना मिठाई वाटली, मग चेअरमनना शिव्या दिल्या. पोलीस आले. आता ती बरी आहे, पण सोसायटीचं पत्र आलंय की ‘अशा व्यक्तीची’ व्यवस्था दुसरीकडे करा. बायको म्हणते, कायमचं कुठेतरी ठेवा. मला ताईचा भयंकर राग येतो, मग स्वतःची लाज वाटते, कारण आईच्या माघारी तिनेच मला वाढवलं. रोज रात्री दोन पेग घेतल्याशिवाय झोप येत नाही.

— एक भाऊ

उत्तर : दादा, रागाची लाज बाळगू नका. जिने वाढवलं तिनेच चारचौघांत तुम्हाला खाली बघायला लावलं, राग येणारच. तो तिच्यासमोर न काढता बोलायला एक जागा हवी. रोजचे दोन पेग ही ती जागा नाही. दारूने झोप लागते पण टिकत नाही, आणि मन आणखी खाली जातं. ताईच्या डॉक्टरांना भेटायचं नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांना स्वतःसाठी भेटा. वरच्या पत्रातल्या आईला लिहिलं तेच तुम्हालाही लागू आहे, पुन्हा लिहीत नाही.

ताई बरी आहे, हीच बोलायची वेळ आहे. तिच्यासोबत बसून ठरवा की तिची झोप कमी व्हायला लागली, खर्च वाढायला लागला, की तुम्ही डॉक्टरांना फोन करणार आणि ती त्याला हरकत घेणार नाही. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशी आगाऊ सूचना लेखी देऊन ठेवायची आणि आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आजारपणात उपचारांच्या निर्णयात आपल्या बाजूने उभा राहणारा माणूस, नेमायची सोय आहे. ती आजारी असताना तुम्ही निर्णय घेतलात की तिला तुम्ही वैरी वाटता. बरी असताना तिनेच लिहून ठेवलं असेल तर नंतरचा विश्वास टिकतो. लिथियमची रक्तातली पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची तपासणी वेळच्या वेळी होते का बघा. तिने गोळ्या का सोडल्या तेही विचारा. हात थरथरणं, वजन वाढणं, सारखी तहान यामुळे लोक सोडतात, आणि त्यावर डॉक्टरांकडे उपाय असतात.

पुन्हा कधी पोलीस आले तर एवढं माहीत असू द्या : मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका आहे म्हणून पोलिसांनी या कायद्याखाली ताब्यात घेतलेल्या व्यक्तीला कोठडीत ठेवता येत नाही, 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं लागतं. आणि घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात कायमचं ठेवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

पण तुमच्या पत्नीला हे कलम वाचून दाखवू नका. त्या काळजाच्या वाईट आहेत असं मला वाटत नाही. लग्न करून आलेल्या घरात त्यांच्या वाट्याला हे न विचारता आलंय. तुम्ही कंपनीत असता ते तास ताईबरोबर त्या काढतात, आणि निर्णय मात्र तुम्ही दोघं बहीणभाऊ घेता. त्यांना घेऊन, ताईशिवाय, डॉक्टरांना एकदा भेटा आणि त्यांना बोलू द्या. मध्ये बोलू नका. वर्षातले काही दिवस ताईला मावशीकडे, आत्याकडे ठेवायची सोय होत असेल तर जरूर करा. त्याला टाकून देणं म्हणत नाहीत.

सोसायटीच्या पत्राला लेखी उत्तर द्या. झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी, उपचार चालू असल्याची माहिती आणि अडचण आल्यास कोणाला फोन करायचा तो नंबर, एवढंच. निदान, औषधांची नावं, डॉक्टरांची चिठ्ठी यातलं काही जोडू नका. ती माहिती ताईची आहे, तिच्या परवानगीशिवाय समितीकडे जायला नको. ‘अशा व्यक्ती’ या शब्दांवर तुमची हरकत त्याच पत्रात नोंदवा. मसुदा करून मासिकाच्या पत्त्यावर पाठवलात तर मी बघून परत पाठवेन.